चुलीपासून पडद्यापर्यंत : बुलढाण्याच्या दोन कादंबऱ्या

सिनेमा सुटला की थिएटरच्या पायऱ्या उतरताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, "पण कादंबरीची सर नाही हो आली!" असं म्हणणारीने कादंबरी वाचलेली असतेच असं नाही. कधी ती अर्धी वाचून वाचनालयात परत गेलेली असते, कधी जाऊबाईंकडून नुसती ऐकलेली असते. पण हे वाक्य म्हटलं की आपण वाचणाऱ्यांपैकी आहोत हे शेजारणीला आपोआप कळतं!

खरं म्हणजे तुलना करायचीच तर ती जरा नीट करावी. जुन्या नऊवारीची आपण गोधडी शिवतो, तेव्हा "लुगड्याची सर नाही" असं कोणी म्हणत नाही. लुगडं नेसायचं, गोधडी पांघरायची. कापड तेच, काम वेगळं. मात्र शिवताना कुठला काठ राखला, कुठला कापून टाकला, आणि जिचं लुगडं होतं तिला विचारलं होतं का, एवढं विचारायचा हक्क आपल्याला नक्कीच आहे. आणि मैत्रिणींनो, ते विचारायला मुंबई-पुण्याकडे बघायची गरज नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन कादंबऱ्या तीन-चार वर्षांच्या अंतराने पडद्यावर गेल्या आहेत.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत घाटाखालून निघून जाते. घाटावरच्या बुलढाणा-चिखली-मेहकरकरांच्या नशिबी एस.टी. या घाटावरच्या मुलुखातून दोन लेखक आले. एक चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख, आणि दुसरे, आपलं उत्रादा गाव आडनावातच बाळगणारे रमेश इंगळे-उत्रादकर. देशमुखांची 'बारोमास' २००२ साली आली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०१२ मध्ये धीरज मेश्राम यांनी तिच्यावर त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला. सुबोध भावे, सीमा विश्वास, देविका दफ्तरदार, बेंजामिन गिलानी अशी मातब्बर मंडळी त्यात आहेत. इंगळे-उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' २००५ ची. तिच्यावरचा मराठी चित्रपट पुरुषोत्तम बेर्डे यांनी २००९ मध्ये काढला, त्यात अशोक सराफ आणि मकरंद अनासपुरे होते.

एक कादंबरी रडवणारी, दुसरी हसवता हसवता चिमटा काढणारी. दोन्हींतलं घर आपल्या ओळखीचं आहे, म्हणून त्यांच्याविषयी आपण बोलायला हवं. एरवी समीक्षकांनी पुष्कळ लिहिलंय, पण त्यांच्या लेखांत शेती, भांडवल, व्यवस्था असले मोठे शब्द येतात आणि चुलीपुढची बाई राहून जाते.

'बारोमास'चा नायक एकनाथ. खूप शिकलेला, पण नोकरी नाही. नोकरीसाठी शिक्षणसंस्थेला मोजायला लाखांचं डोनेशन हवं, ते आणायचं कुठून? मग शेती. शेती म्हणजे कर्ज, पावसाची वाट आणि बाजारात पडलेला भाव. वडील सुभानराव जुन्या वळणाचे, आई शेवंतामाय राबराब राबणारी, धाकटा भाऊ मधू गुप्तधनाच्या नादी लागलेला. आणि बायको अलका. ती शहरी वळणाची आणि शिकलेली. नवरा शिकलेला आहे, आज ना उद्या नोकरी लागेल, आपण तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करू, या भरवशावर ती या घरात आलेली. नोकरी लागत नाही. बिऱ्हाडाचं नाव निघत नाही. मग नवरा-बायकोत जे व्हायचं ते होतं.

ही अलका कुठे पाहिली आहे का? आपल्या घरात नसेल, पण नात्यात नक्की असेल. चिखलीत, खामगावात, मेहकरात मुलगी दाखवायच्या बैठकीला बसून बघा. "घरची शेती किती?" हा पहिला प्रश्न. "मुलगा करतो काय?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दहा एकर असावं, पण दुसऱ्याचं उत्तर "शेती" असू नये! शेती हवी, शेतकरी नको. अलकाच्या वडिलांनी जे पाहिलं तेच आपण आपल्या मुलींसाठी पाहतो. म्हणून 'बारोमास' वाचताना अलकाचा राग येतो तसा थोडा स्वतःचाही यायला लागतो.

आता ही अलका पडद्यावर न्यायची कशी? इथे खरी पंचाईत सुरू होते.

मन दिसत नाही, हात दिसतात

समजा कादंबरीत असं लिहिलंय: सून चुलीपुढे भाकरी थापते आहे. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलंय. आहेर काय न्यायचा? सासूबाईंकडे पैसे मागावेत, तर मागच्या दिवाळीचं निघेल. नवऱ्याला सांगावं, तर तो कापसाचे पैसे आलेले नाहीत म्हणून आधीच धुमसतोय. न न्यावं, तर माहेरी भावजया काय म्हणतील? लेखक या विचारांवर सुखाने चार पानं लिहितो आणि आपण ती वाचतो, कारण त्या चार पानांत आपलीच चार वर्षं असतात.

कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला हात दिसतात, परात दिसते, धूर दिसतो. मग दिग्दर्शकाने करावं काय? सोपी युक्ती म्हणजे पाठीमागून तिचा आवाज ऐकवणं. ती एकदा चालते, तीनदा केली की प्रेक्षक चुळबुळ करतो. दुसरी युक्ती म्हणजे शेजारीण आणून बसवायची आणि सगळं तिच्याशी बोलायला लावायचं. त्याने सिनेमाचं नाटक होतं. शिवाय अशी गोष्ट कोणती शहाणी बाई शेजारणीला सांगते?

तिसरी वाट कसबाची. सून हात पुसून उठते. डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरचुंडी काढते. नोटा मोजते. एक बाजूला काढते, थोडा वेळ धरून ठेवते आणि पुन्हा पुरचुंडीत घालते. तेवढ्यात ओसरीवरून सासूबाईंचा आवाज येतो, "काय करपून राह्यलं वं?" तव्यावरची भाकरी काळी पडलेली असते. अर्ध्या मिनिटाचं दृश्य, पण चारही पानं त्यात आली. हा प्रसंग माझा, कुठल्या कादंबरीतला नाही. पण पटकथा लिहिणारी माणसं दिवसभर हेच करत असतात. मनातली गोष्ट डब्यात, नोटेत, भाकरीत शोधायची.

आणि वेळेचा हिशेब वेगळाच. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांचा सिनेमा म्हणजे शंभर-सव्वाशे पानं, तीही मोकळ्या ओळींची. 'बारोमास'सारख्या जाड कादंबरीतलं निम्म्याहून जास्त गाळावंच लागतं. दिवाळीच्या साफसफाईसारखं आहे ते, टाकायचं काय यावरून घराची ओळख पटते.

शेतीवरच्या कादंबरीला तर आणखी एक अडचण. नावच 'बारोमास', म्हणजे बारा महिने. पेरणी, डवरणी, निंदण, वेचणी, मळणी, पुन्हा उन्हाळा. लेखक एका ओळीत पावसाला दडी मारायला लावतो. सिनेमावाल्यांना मृगातलं शेत मृगातच मिळतं आणि बोंडं फुटलेली पराटी दिवाळीच्या आसपास. पीक काही नट-नट्यांच्या तारखा पाहून वाढत नाही. म्हणून अशा चित्रपटांत एखाद-दुसरा हंगामच दिसतो आणि बारा महिन्यांचा तो रगाडा, तोच तो थकवा, पुस्तकातच राहतो.

माझं म्हणणं असं की, या गाळणीत सगळ्यांत आधी बायकांची मनं गळतात. त्याचं कारण दिग्दर्शकाचा दुष्टपणा नाही. पुरुषाचं दुःख दाखवायला जागा पुष्कळ असतात: बँक, बाजार समिती, सावकाराची ओसरी, संस्थाचालकाचं ऑफिस. तिथे माणसं भेटतात, बोलतात, भांडतात. त्यातून दृश्य तयार होतं. अलकाचं दुःख घडतं ते घरात, कोणाशी न बोलता. शेवंतामायचं तर तिला स्वतःलाही दुःख वाटत नाही, तिला ते काम वाटतं! असं दुःख दाखवायला वेळ लागतो आणि वेळच तर नसतो.

त्यात काळाचीही भर पडली. कादंबरी आली २००२ मध्ये. पुढे विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची देशभर चर्चा झाली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला बुलढाणाही होता. २०१२ मध्ये सिनेमा आला तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे टी.व्ही.वरच्या बातम्या होत्या. ते 'शेतकऱ्यांचा प्रश्न' पाहायला आले. कादंबरीत मात्र प्रश्नाच्या आधी घर आहे: सासू-सुनेतलं मौन, भावाभावांतला दुरावा, नवऱ्याच्या शिक्षणाचा आधी वाटलेला आणि मग बोचायला लागलेला अभिमान. 'बारोमास' नुसती शेतीची गोष्ट म्हणून वाचणारा निम्मी कादंबरी वाचतो, असं मला वाटतं.

इथे 'गाभ्रीचा पाऊस' आठवतो. सतीश मनवर यांचा २००९ चा वऱ्हाडी बोलीतला चित्रपट. नवरा जिवाचं काही बरंवाईट करील या धास्तीने बायको त्याच्यावर नजर ठेवते, पोराला त्याच्या मागे पाठवते, त्याला आवडीचं करून घालते. सोनाली कुलकर्णीने ती धास्ती काय उभी केली आहे! विषय जवळपास तोच, पण ती गोष्ट मुळातच पडद्यासाठी लिहिलेली. त्यामुळे बाईला मध्यभागी बसवायला कोणाची आडकाठी नव्हती. कादंबरीवरून सिनेमा करणाऱ्याला ती मोकळीक नसते. त्याच्यापुढे आधीच कोणीतरी ताटं मांडून ठेवलेली असतात.

आता भाषा. 'बारोमास' हिंदीत का, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. हिंदीत केला की प्रेक्षक वाढतो, पैसे घालणारा मिळायची शक्यता वाढते, हे उघड आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्या घाटाखालच्या बाजारात हिंदी काही परकी नाही. मलकापूर-खामगावला भाजी घेताना आपण दोन वाक्यं मराठीत आणि तिसरं हिंदीत बोलतो. पण बाजारात चालणारी भाषा माजघरात चालतेच असं नाही. "माय वं" या दोन शब्दांत जेवढा धाक, जेवढा जिव्हाळा आणि जेवढा वैताग मावतो, तेवढा "माँ"मध्ये कसा मावावा? दामोदर खडसे यांनी 'बारोमास'चा हिंदी अनुवाद केला आहे आणि त्यांना त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. तिथे अनुवादकाला निदान वाक्य फिरवून, लांबवून अर्थ जुळवायला जागा होती. संवादात तीही नसते.

'निशाणी डावा अंगठा'ची पंचाईत उलटी. तिचा विषय साक्षरता मोहीम. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, पंधरा ते पस्तीस वयाच्या निरक्षरांना लिहा-वाचायला शिकवायचं ठरलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोहिमा निघाल्या. हेतू चांगला. पण गावपातळीवर ते ओझं पडलं प्राथमिक शिक्षकांवर. आधीच जनगणना, निवडणूक, लसीकरण आणि त्यात हे. मग कागदावर वर्ग भरले, कागदावर म्हाताऱ्या शिकल्या आणि परीक्षाही कागदावरच पार पडल्या. ही सगळी धमाल इंगळे-उत्रादकरांनी मास्तरांच्या बाजूने, आतून लिहिली आहे. घरात गुरुजी किंवा बाई असतील तर कादंबरी त्यांच्या हाती द्या आणि लांबून हसू ऐका.

या कादंबरीतला पुष्कळ विनोद सरकारी भाषेत आहे. परिपत्रकं, तक्ते, उद्दिष्टं, अहवाल. तो वाचायचा विनोद. पडद्यावर परिपत्रक वाचून दाखवलं तर कोण हसणार? तिथे हसू यायला अशोक सराफांचा चेहरा लागतो. म्हणजे विनोद कागदावरून चेहऱ्यावर आला. त्यात काही मिळालं, काही गेलं. थिएटरमधलं हसू मोठं असतं आणि लवकर विरतं. कादंबरी वाचताना येणारं हसू बारीक असतं, पण दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना पुन्हा येतं.

नावातल्या अंगठ्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. सोसायटीच्या, बँकेच्या, तलाठ्याच्या कागदावर ज्यांना सही येत नाही त्यांच्या ठशाशेजारी कारकून हे तीन शब्द लिहितो. घरोघरच्या किती आज्या-सासूबाई आयुष्यभर या तीन शब्दांनी ओळखल्या गेल्या! अंगठा कशावर उमटवला हे त्यांना नंतर कोणी सांगितलं का? मला तरी त्या पुस्तकाचं नाव वाचलं की मास्तरांआधी त्या आठवतात.

नाव बदललं की गोष्ट बदलते

जुनी उदाहरणं पाहिली तर एक गंमत लक्षात येते. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीचं नाव होतं 'न पटणारी गोष्ट'. शांतारामबापूंनी १९३७ मध्ये प्रभातसाठी तिच्यावर चित्रपट केला तो 'कुंकू', आणि हिंदीत 'दुनिया न माने'. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. कादंबरीचं नाव लेखकाचं मत सांगतं, 'कुंकू' नीराच्या कपाळाकडे बोट दाखवतं, आणि हिंदी नाव जगाला सुनावतं. शांता आपट्यांची ती नीरा पाहून त्या काळच्या किती मुलींनी घरी ताठ मानेने उत्तरं दिली असतील! त्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, दारावरची थाप, असे घरातलेच आवाज. कादंबरीत जे वर्णन करून सांगावं लागतं ते तिथे एका भिंतीवरच्या घड्याळाने केलं.

तसंच १९८२ चं. शांता निसळ यांची कादंबरी 'बेघर'. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं आणि मराठीत नाव ठेवलं 'उंबरठा', हिंदीत 'सुबह'. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून नोकरी धरते, घरापासून लांब राहते, आणि परत येते तेव्हा घरातली तिची जागा तिची उरलेली नसते. 'बेघर' म्हटलं की तिने काय गमावलं ते दिसतं. 'उंबरठा' म्हटलं की तिने काय ओलांडलं ते. आणि 'सुबह' म्हणजे पुढे काहीतरी उजाडणार आहे असं आपल्याला सांगून ठेवलंय. एकाच बाईची तीन नावं, आणि तिच्याकडे बघायच्या तीन तऱ्हा. आपल्यात अजूनही दोन मैत्रिणी भेटल्या की सुलभाने बरं केलं की वाईट, यावर चहा गार होईपर्यंत वाद होतो.

सगळीच रूपांतरं अशी सुखरूप पार पडत नाहीत. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर बासू चटर्जींनी १९७४ मध्ये 'रजनीगंधा' काढला, तो आपल्या पिढ्यांचा लाडका. पण त्याच मन्नूजींच्या 'आपका बंटी' या कादंबरीवर 'समय की धारा' नावाचा चित्रपट निघाला तेव्हा १९८६ मध्ये त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. आईवडील वेगळे झालेल्या मुलाच्या मनाची ती हळवी कादंबरी. चित्रपटातले बदल आणि शेवट पाहून मन्नूजी म्हणाल्या, ही माझी गोष्टच नाही. न्यायालयाने सांगितलं की माध्यम बदललं की काही बदल होणारच, ते लेखकाने समजून घ्यावेत. पण गोष्टीचा गाभाच मोडला तर लेखकाला तक्रारीचा हक्क आहे, हक्क विकलेले असले तरी. शेवटी तडजोड झाली आणि त्यांचं नाव त्या चित्रपटाशी जोडायचं नाही असं ठरलं. आपलं नाव काढून टाका म्हणून एखादी लेखिका भांडते, ही साधी गोष्ट नव्हे.

हे सांगायचं कारण असं की आपल्या वाचकांत लिहिणाऱ्याही अनेक आहेत. दिवाळी अंकात कथा छापून येते, मग कोणीतरी फोन करतो, "ताई, फार सुंदर कथा, यावर मालिका करायची आहे." हुरळून जाऊ नका. कथा तुमची असते आणि ती दुसऱ्याला वापरायला द्यायची तर कायद्याने ते लेखी आणि तुमच्या सहीनिशी व्हावं लागतं. फोनवर "हो" म्हटल्याने काही होत नाही. कागदावर काय काय दिलं ते स्पष्ट असू द्या: चित्रपट की मालिका की दोन्ही, कुठली भाषा, किती वर्षं, किती रक्कम. मुदत लिहिलीच नाही तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. नाव श्रेयनामावलीत येईल हे लिहून घ्या. आणि "प्रसिद्धी मिळेल हो" या एका वाक्यावर भुलून फुकट देऊ नका. प्रसिद्धीने दूधवाल्याचं बिल भागत नाही. सही करण्यापूर्वी ओळखीच्या वकिलाला कागद दाखवा. लाज कसली त्यात? मंगळसूत्र सोनाराकडे टाकताना आपण पावती मागतोच ना!

मालिकांचं दुखणं आणखी वेगळं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे रणजित देसाईंची 'स्वामी' गजानन जागीरदारांनी छोट्या पडद्यावर आणली, रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई. त्या वेळच्या मालिका आठवड्यातून एकदा लागायच्या आणि मोजक्याच भागांत आटोपायच्या. कादंबरीला ते माप बरोबर बसायचं, प्रकरणाला एक भाग. सिनेमाला कापावं लागतं, तसं या मापाला फारसं कापावं लागत नाही आणि ताणावंही लागत नाही. आता रोजच्या मालिकांचं माप निराळं. शंभर पानांच्या गोष्टीचे पाचशे भाग करायचे तर आमटीत तांब्याने पाणी ओतावं लागतं, मग चवीसाठी कारस्थानी जाऊ, हरवलेली जुळी बहीण, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिघींचे चेहरे. 'बारोमास'ची अशी रोजची मालिका झाली तर अलकाचं काय होईल, या विचाराने मला धडकी भरते. तिसऱ्या आठवड्यात तिला कपाळावर आठ्या आणि हातात फोन देऊन खलनायिका करून टाकतील!

मोजक्या भागांत, वऱ्हाडी बोलीत, हंगामामागून हंगाम घेत कोणी केली तर मात्र 'बारोमास'ला तेच माप सगळ्यांत चांगलं बसेल. एक भाग पेरणीचा, एक पोळ्याचा, एक वेचणीचा. शेवंतामायला तव्यापुढे नुसतं बसायला पाच मिनिटं द्यावीत. माय वं, काय होईल ती मालिका! पण हे कोणी करील तेव्हा.

तोवर पुस्तक आहेच. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मिळालं नाही तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवून ठेवा, दोघी-चौघींनी मागितलं की घेतात. देशमुखांची 'तहान' आणि इंगळे-उत्रादकरांची 'सर्व प्रश्न अनिवार्य' याही त्याच कपाटात असतील तर उचला, दुसरीत परीक्षेतल्या कॉप्यांची गोष्ट आहे आणि दहावी-बारावीची मुलं घरात असणाऱ्यांनी तर ती चुकवू नयेच. भिशीच्या दिवशी पैसे काढून झाल्यावर तासभर मोठ्याने वाचायची पद्धत आपल्याकडे काही मंडळांत आहे, ती 'बारोमास'साठी फार सोयीची. वऱ्हाडी संवाद डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं, कानांनी ऐकले की एकदम घरचे होतात. फक्त एक करा. वाचायची पानं वाटून देताना जिची सून नुकतीच घरात आली आहे तिच्याकडे अलकाची पानं द्या, आणि ज्या नव्या सुनेला सासूबाईंचं तोंड पाहवत नाही, तिच्याकडे शेवंतामायची.